शेवटच्या सुरानंतरचे बारा सेकंद

मित्रांनो, मी एक जुनी फीत आहे. दुकानाच्या उद्घाटनाला कापतात ती नव्हे. रिळावर गुंडाळलेली, आवाज साठवणारी. रंग तपकिरी, रुंदी पाव इंच, लांबी बाराशे फूट. दिसायला मी काही खास नाही, हे मलाही ठाऊक आहे. पण गेल्या वर्षी माझ्यावर एक आळ आला होता, आणि त्या आळापायी एका सरळ माणसाचे कान आणि डोकं दोन्ही घरच्यांनी मोडीत काढलं होतं. ते कसं झालं तेवढं सांगते. वाढवून सांगायची मला सवय नाही. जे अंगावर उमटतं तेच मी परत देते, धंदाच तो आहे माझा.

माझा जन्म कारखान्यात झाला. प्लॅस्टिकचा पातळ, रुंद पट्टा घेतात. लोखंडाच्या गंजाची बारीक भुकटी चिकट द्रवात कालवून त्याच्यावर फासतात, वाळवतात आणि मग पात्यांखालून काढून त्याच्या अरुंद फिती करतात. म्हणजे खरं बोलायचं तर माझ्या अंगावर गंज आहे, आणि तोही मुद्दाम लावलेला. माईकमध्ये आवाज शिरला की त्याची वीज होते, ती यंत्राच्या हेडपर्यंत, म्हणजे मी ज्याला घासून जाते त्या चुंबकापर्यंत, येते आणि माझे कण आवाज सांगेल तसे वळून बसतात. मोठा आवाज, बारीक आवाज, कुणी नाक ओढलं तर तोही आवाज. मी निवड करत नाही. तेवढी अक्कल मला दिलेलीच नाही, आणि आता वाटतं, नाही दिली तेच बरं झालं.

मला विकत घेतलं ते पियानो जुळवणाऱ्या एका तरुणाने. आज त्याला सगळे बाबा म्हणतात, म्हणून मीही बाबाच म्हणेन. त्यांचं दुकान लहान होतं. भिंतीवर तारांची वेटोळी, टेबलावर नमद्याचे, म्हणजे दाबलेल्या लोकरीचे तुकडे, खिळे, सरस, एक नादकाटा आणि तारा ताणायची चावी. पियानोच्या एकेका पट्टीमागे बहुतेक ठिकाणी तीन-तीन तारा असतात. त्या तिन्ही अगदी एका सुरात बोलल्या तर आवाज सरळ जातो. त्यातली एक जरी केसभर उतरली तरी आवाज हलायला लागतो, वर-खाली, वर-खाली. तो हेलकावा कानाने पकडायचा आणि चावीने काढून टाकायचा, हे बाबांचं काम. त्यांच्या सगळ्या संसाराचा भार त्या दोन कानांवर होता.

बाबांची बायको पियानो वाजवायची. एका नृत्यशाळेत मुलींचा सराव चालायचा, तिथे ती साथीला असायची. एका सुट्टीच्या दिवशी शाळेचा हॉल रिकामा होता. लाकडी जमीन, उंच खिडक्या, एका भिंतीला आरसे. बाबांनी आपलं टेपयंत्र तिथे नेलं. बायकोचा भाऊ ड्रम आणि पितळी थाळ्या घेऊन आला. माईक पियानोच्या उघड्या झाकणाशी, तिच्या उजव्या हातापासून हातभर अंतरावर ठेवला. यंत्र मात्र हॉलच्या दुसऱ्या टोकाला, कारण त्याची मोटर घुरघुरायची आणि बाबांना ती घुरघुर रेकॉर्डिंगमध्ये नको होती. बाबा स्वतः हॉलच्या मधोमध उभे राहून ऐकत होते. मी दर सेकंदाला साडेसात इंच पुढे सरकत राहिले. त्या दुपारी मी पहिल्यांदा काहीतरी झाले. त्याआधी मी नुसती कोरी पट्टी होते.

अर्धा तास ती दोघं वाजवत होती. शेवटचा सूर सुटला आणि हळूहळू विझत गेला. तो विझेपर्यंत आणि त्यानंतर मिळून बारा सेकंद गेले. तेवढ्यात ती काहीतरी बोलली. मग बाबा चालत यंत्राशी आले आणि त्यांनी खटकन बटण दाबलं. ती काय बोलली ते मी आत्ता सांगणार नाही. बाबांनीही ते कधी कुणाला सांगितलं नव्हतं.

पुढची अठ्ठावीस-तीस वर्षं माझी चांगली गेली. टेपयंत्र दुकानातच असायचं. बाबा नमदा कापत बसले की मला लावायचे. गिऱ्हाईक आलं की उंबऱ्यात थबकायचं. "कोण वाजवतंय हो?" असं विचारलं की बाबा मान वर न करता म्हणायचे, "आमच्या घरचंच माणूस आहे." दुपारी घरचं माणूस डबा घेऊन यायचं आणि स्वतःचंच वाजवणं ऐकत उभं राहायचं. मी मनातल्या मनात फुशारून जात असे, नाही कशाला म्हणू!

मग ती आजारी पडली, आणि गेली. बाबांनी मला यंत्रावरून काढलं, पत्र्याच्या डब्यात ठेवलं आणि डबा कपाटावर सरकवला. तेव्हापासून त्यांनी मला लावलं नाही. रागाने नव्हे. दोनदा त्यांनी डबा खाली काढला, झाकणावरची धूळ पुसली आणि परत वर ठेवला. अकरा वर्षं मी कपाटावर होते. त्या काळात यंत्राचा रबरी पट्टा वितळून डांबरासारखा झाला आणि यंत्र भंगारात गेलं. मलाही दमट हवा बाधली. माझ्या अंगावरची भुकटी ज्याने चिकटवली आहे ते द्रव्य पाणी पितं, मऊ पडतं आणि मग माझे वेढे एकमेकांना चिकटायला लागतात. म्हातारपणी सांधे धरतात ना, त्यातलाच प्रकार.

बाबांची मुलगी तोवर संसाराला लागली होती. लहानपणी ती दुकानात यायची, पण शेवटच्या सुरापर्यंत कधी थांबली नव्हती. तिच्या मनात आलं, आईचं वाजवणं बाबांच्या फोनमध्ये घालून द्यावं, म्हणजे त्यांना हवं तेव्हा ऐकता येईल. हेतू सोन्यासारखा, त्यात काही खोट नाही. तिच्या नवऱ्याने, म्हणजे बाबांच्या जावयाने, मला पिशवीत घातलं आणि बाजारातल्या एका दुकानात नेलं. जुन्या फिती आणि कॅसेटींवरचं संगीत फोनमध्ये भरून देणारं दुकान होतं ते.

तिथल्या माणसाने मला एका यंत्रावर चढवलं. मी चिकट झालेली, हेडवर घासताना चीं-चीं करायला लागले. माझी थोडी भुकटीही तिथे उतरली. जावयामागे आणखी बरीच गिऱ्हाइकं उभी होती. त्याने माझा आवाज संगणकात घेतला, 'खरखर काढा' अशा बटणावर टिचकी मारली, शेवटच्या सुरापुढचं सगळं न ऐकताच 'शांतता' म्हणून छाटलं आणि फोनमध्ये जागा कमी लागावी म्हणून सगळ्यात लहान फाईल बनवली. दहा गिऱ्हाइकांचं करतो तसंच. मग जावयाच्या हातात मला ठेवून म्हणाला, "काका, फीतच खराब आहे. निघालं तेवढं काढलंय. आता ही टाकून दिलीत तरी चालेल."

फीतच खराब! मित्रांनो, मी आजारी होते, कबूल. पण त्याने काय काय फेकलं ते त्याला तरी ठाऊक होतं का?

लहान फाईल कशी बनते ते मी नंतर एका जाणत्या माणसाच्या तोंडून ऐकलं, तेच तुम्हाला सांगते. संगणक आवाज तपासतो आणि ठरवतो की यातलं माणसाला काय ऐकू येणार नाही. मोठ्या सुराच्या शेजारी बारीक सूर आला, की तो म्हणतो, हा कुणाला कळतोय, काढा. फार उंच, सळसळता आवाज आला, की काढा. फाईल मोठी ठेवली तर तो बेताने काढतो आणि फरक पटकन कळतही नाही. पण तिला अगदी चिमुकली करायला सांगितलं, तर तो हात आखडत नाही. मग थाळीचा खणखणीत आवाज पाण्यात बुडून बोलल्यासारखा येतो, आणि पियानोची पट्टी पडायच्या आधीच तिची अस्पष्ट सावली ऐकू येते.

एवढ्यावर भागलं असतं तर गोष्ट वेगळी. जावयाने ती फाईल बाबांना फोनवरून पाठवली. पाठवणाऱ्या त्या सोयीने तिला वाटेत आणखी एकदा दाबून लहान केलं. म्हणजे पिळलेलं फडकं पुन्हा पिळलं.

रविवारी सगळे मुलीच्या घरी जमले. खिडकीखाली बाबांची खुर्ची, टेबलावर फोन आणि त्याला जोडलेला एक डबीएवढा स्पीकर. मी पिशवीतच होते, दाराच्या खुंटीवर. माझंच संगीत वाजलं आणि मला ते ओळखू येईना. ऐकून झाल्यावर मुलीने विचारलं, "बाबा, कसं वाटलं?"

"हे तुझ्या आईचं नाही," बाबा म्हणाले.

"म्हणजे? तीच तर आहे की!"

"सूर तेच आहेत. पण तिचं बोट पट्टीवर पडतं ते ऐकू येत नाही. आणि थाळी अशी चुळा भरल्यासारखी का वाजतेय? तुझा मामा असा वाजवायचा नाही, आज असता तर त्यानेच सांगितलं असतं. शेवटचा सूर तर बघ, तो असा संपत नाही. तो हलतो. हलत हलत विझतो. आणि त्याच्यानंतर ती बोलते."

"कोण बोलतं?"

"तुझी आई."

मुलीने नवऱ्याकडे पाहिलं. पुन्हा लावलं. शेवटचा सूर आला, तुटला आणि पुढे काहीच नाही.

"बाबा, इथे कुणी बोलत नाही हो."

"बोलते म्हणतोय ना मी!"

"बरं, काय बोलते?"

बाबांनी फोन पालथा ठेवला. मग म्हणाले, "ते मी सांगणार नाही. मी सांगितलं तर म्हणाल, म्हातारा मनचं सांगतोय. तुम्ही तुमच्या कानांनी ऐका."

जावई माणूस मनाने चांगला, पण हाताने उतावळा. सासऱ्यांना फाईल आवडली नाही याचं त्याला वाईट वाटलं. रात्रभर डोकं लढवून त्याने एक उपाय काढला. तीच चिमुकली फाईल त्याने संगणकात घातली आणि तिची सहापट मोठी फाईल बनवली, अगदी उंची प्रतीची. सकाळी येऊन म्हणाला, "बाबा, आता ऐका. आता क्वालिटी एक नंबर आहे."

बाबांनी ऐकलं. "फुगलीय नुसती," ते म्हणाले, "तब्येत काही सुधारली नाही."

जावयाचा चेहरा उतरला. आणि तिथून घरात कुजबुज सुरू झाली. फाईल दोनदा करून झाली, आकडेही मोठे झाले, म्हणजे दोष फाईलचा नाही. फीत खराब होती असं दुकानदारानेच सांगितलं होतं. आणि जे नाहीच ते बाबांना ऐकू येतंय, म्हणजे दोष बाबांच्या कानांचा. मुलीला याहून मोठी भीती होती. तिच्या सासूबाईंचं असंच सुरू झालं होतं. आधी त्यांना दारावर कुणीतरी हाका मारतंय असं वाटायचं, आणि दोन वर्षांत त्या स्वतःच्या मुलाला ओळखेनाशा झाल्या. त्यांचं सगळं मुलीने हातांनी केलं होतं. त्यामुळे बाबा "ती बोलते" म्हणाले तेव्हा तिला सासूबाईंच्या त्या हाकाच आठवल्या.

तिने बाबांना कानांच्या डॉक्टरकडे नेलं. डॉक्टर म्हणाल्या, "वयोमानाने उंच सूर थोडे कमी ऐकू येतात. पंचाहत्तरीला एवढं चालायचंच." त्या तेवढंच म्हणाल्या होत्या. घरी येईपर्यंत त्याचं 'बाबांना ऐकू येत नाही' असं झालं. राईचा पर्वत झाला म्हणा.

"बाबा, आता कामं बंद करा," मुलगी म्हणाली. "कुणाचा पियानो बिघडवून ठेवलात तर? लोक तोंडावर नाही बोलायचे, पण मागे बोलतील. मला ते ऐकवणार नाही."

बाबा भांडले असते तर मला बरं वाटलं असतं. ते भांडले नाहीत. त्यांनी दुकानाला कुलूप लावलं, तारांची चावी आणि नादकाटा पिशवीत घातला आणि ते मुलीकडे राहायला आले. मला टाकू दिलं नाही, एवढा एकच हट्ट त्यांनी केला. त्यांच्या पलंगाशेजारच्या कपाटात माझा डबा होता. रोज सकाळी ते नादकाटा गुडघ्यावर आपटायचे, कानाशी धरायचे, आणि मुलगी चहा घेऊन आली की विचारायचे, "अगं, हा वाजतोय ना?"

"वाजतोय, बाबा."

"कधी थांबला ते सांग हं."

ती उभी राहायची. "थांबला," म्हणायची. बाबांना तो त्यानंतरही थोडा वेळ ऐकू यायचा. पण आता ते तिच्यावर विश्वास ठेवायचे, स्वतःच्या कानांवर नाही. आयुष्यभर कानांवर जगलेला माणूस दुसऱ्याला विचारून ऐकायला लागला. मित्रांनो, माझ्यावर आळ आला त्याचं दुःख मला होतंच, पण याचं जास्त होतं. खरं काय ते मला ठाऊक होतं आणि मी डब्यात होते. कुणी वाजवल्याशिवाय मला तोंड नाही.

तीन महिन्यांनी खुडबुड्या आला. हा बाबांचा जुना दोस्त, रेडिओ आणि टेपयंत्रं दुरुस्त करणारा. हाताला सतत काहीतरी उघडायला लागायचं म्हणून त्याचं हे नाव पडलं होतं, आणि सत्तरी उलटली तरी ते गेलं नव्हतं. आल्या आल्या त्याने तोफ डागली, "काय रे, नृत्यशाळेच्या पियानोची वाट लागलीय आणि तू इथे बसून चहा ढोसतोयस?"

"माझे कान गेले," बाबा म्हणाले.

"कुठे गेले? जाग्यावरच तर दिसतायत."

मग मुलीने त्याला बाजूला नेऊन सगळं सांगितलं. ते 'ती बोलते' सुद्धा. खुडबुड्याने टिंगल केली नाही. म्हणाला, "ती फाईल दाखव बरं मला."

त्याने संगणकावर फाईल उघडली. पडद्यावर आवाजाची नागमोडी रेघ दिसायला लागली. शेवटी सूर संपला तिथे रेघ एकदम सपाट झाली होती, पट्टीने आखल्यासारखी. खुडबुड्याने तिथे बोट ठेवलं.

"ही बघ. इथे छाटलंय."

"छाटलं कशावरून?" जावई म्हणाला. "शांतता असेल की."

"शांतता अशी नसते, जावईबापू. रिकाम्या हॉललासुद्धा आवाज असतो. फितीलाही स्वतःची बारीक सरसर असते. इथे ती पण नाही. कुणीतरी कात्री चालवलीय. म्हणजे तुझे सासरे म्हणतायत ते असेल की नसेल मला माहीत नाही, पण ते इथे शोधण्यात अर्थ नाही."

"पण मी नंतर मोठी फाईल केली होती..."

"दुधात पाणी घातलं, मग ते मोठ्या पातेल्यात ओतलं. दाट झालं का?"

जावई कानकोंडा झाला. खुडबुड्याने त्याच्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाला, "अरे, सगळेच असं करतात. लहान फाईल म्हणजे वाईट असंही नाही. बसमध्ये ऐकायला झकास आहे. पण ती प्रत आहे. मूळ कुठाय?"

बाबांनी कपाट उघडलं. खुडबुड्याने मला हातात घेतलं, एक वेढा बोटाने सोडवून पाहिला, आणि त्याच्या बोटाला तपकिरी लागलं. त्याने मान हलवली. मला वाटलं, झालं, हाही आता टाका म्हणणार.

"वाजेल," तो म्हणाला. "पण एकदाच वाजेल असं धरून चाला. ही आता झडायला आलीय. आधी हिला शेकायला लागेल."

त्याच्याकडे अंडी उबवायची एक जुनी लाकडी पेटी होती, आत दिवा आणि लहानसा पंखा बसवलेली. तिची आच त्याने वाढवून घेतली आणि मला सकाळपासून संध्याकाळपर्यंत आत ठेवलं. दर अर्ध्या तासाने येऊन तापमान बघायचा. मला उबवतायत म्हणजे आता माझ्यातून पिल्लू निघणार की काय, असंही माझ्या मनात आलं. पण ती ऊब मला मानवली. अंगातलं पाणी गेलं, वेढे सुटे झाले. एक दिवस त्याने मला नुसतं निवू दिलं.

तिसऱ्या दिवशी दुपारी सगळे त्याच्या कारखान्यात जमले. लांबट खोली, टेबलाटेबलावर उघडी यंत्रं, बसायला दोनच स्टुलं. खुडबुड्याने टेपयंत्राचं हेड कापसाने पुसून घेतलं, तारा संगणकाला जोडल्या. म्हणाला, "काही गाळायचं नाही, काही साफ करायचं नाही. जसं येईल तसं घ्यायचं. फाईल हत्तीएवढी झाली तरी होऊ दे." मग त्याने खिशातून एक कागद काढला आणि बाबांपुढे धरला. "ती काय बोलते ते यावर लिही. घडी घाल आणि पोरीकडे दे. म्हणजे नंतर कुणी कुणाला काही म्हणायला नको."

बाबांनी पेन घेतलं, पण लगेच लिहिलं नाही. "आणि नसलंच तर?" ते म्हणाले. "मलाच आता खात्री वाटत नाही रे. इतके जण नाही म्हणतायत."

"नसलं तर नसलं. निदान कळेल."

त्यांनी लिहिलं. मुलीने घडी मुठीत धरली. कागदावरचं खरं निघावं, की बाबांनी हे कधी म्हटलंच नसतं तर बरं होतं, यातलं तिला काय वाटत होतं कोण जाणे.

मी फिरायला लागले. सगळं बळ एकवटून वाजले म्हणा. थाळी खणखणली. पट्टीवर बोट पडताना नखाचा बारीक टक् आवाज होतो, तो आला. बाबा स्टुलावर पुढे झुकले. जावई तोंड उघडं टाकून ऐकत होता. मध्येच तो हळूच म्हणाला, "हे सगळं हिच्यात होतं?" त्याला सगळ्यांनी गप्प केलं. माझी भुकटी झडत होती, ते मला जाणवत होतं. पण मी थांबले नाही.

शेवटचा सूर आला. तो हलत होता. वर-खाली, वर-खाली, असा हलत हलत विझायला लागला. आणि त्या विझत्या सुरावर तिचा आवाज आला, हॉलमध्ये लांब उभ्या माणसाला हाक घातल्यासारखा.

"अहो, वरची एक तार उतरलीय!"

मुलीने तोंडावर हात धरला. मग घाईघाईने घडी उघडली. कागदावर लिहिलं होतं, 'वरची एक तार उतरलीय.' तिने तो कागद नवऱ्याला दाखवला, खुडबुड्याला दाखवला, आणि रडत रडतच बाबांना म्हणाली, "बाबा, चुकलं हो माझं. मी तुमच्यावर विश्वास ठेवायला हवा होता."

"शूऽ," बाबा म्हणाले. "संपलं नाही वाटतं अजून."

खरंच संपलं नव्हतं. तुम्ही विचाराल, इतकी वर्षं दुकानात वाजत होतीस, मग पुढचं बाबांना ठाऊक कसं नाही? त्याचं असं आहे, मित्रांनो, की 'तार उतरलीय' हे शब्द आले की बाबा दर वेळी उठून बटण दाबायचे. कारागिराला स्वतःची चूक किती वेळा ऐकवेल? आणि त्या दिवशी हॉलमध्ये, ती हाक ऐकल्याबरोबर ते लाकडी जमिनीवर बूट वाजवत यंत्राकडे निघाले होते. ते बुटांचे आवाजही माझ्यावर आहेत. त्या बुटांच्या आवाजाखाली, माईकच्या अगदी जवळ, ती आपल्या भावाला हसून, खालच्या आवाजात म्हणाली होती,

"दादा, त्यांना सांगू नकोस हं. पण मला ती तशीच आवडते."

मग खटका. मग माझं टोक सुटून रिळावर फडफडत राहिलं. खुडबुड्याने यंत्र बंद केलं.

बाबा टेबलाकडे बघत होते. "हे मला माहीतच नव्हतं," ते म्हणाले. "चाळीस वर्षं मला वाटत होतं, तिने चूक काढली." त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "आणि मी दुसऱ्याच दिवशी जाऊन ती तार चढवून आलो गं!"

ते हसायला लागले, आणि हसता हसता त्यांना रडू आवरेना. मुलगी त्यांच्या स्टुलाशी खाली बसली. जावयाने कुणी न सांगता सगळ्यांसाठी पाणी आणलं.

पुढचं थोडक्यात सांगते. बाबांनी त्याच आठवड्यात दुकान उघडलं. खुडबुड्याने माझ्या आवाजाची पूर्ण प्रत तीन ठिकाणी ठेवली, आणि त्या पूर्ण प्रतीवरून एक लहान फाईल बाबांच्या फोनसाठी करून दिली, शेवटचे बारा सेकंद शाबूत ठेवून. मी आता वाजत नाही. त्या दिवशी हेडवर जी भुकटी राहिली ती कापसाने पुसून काढावी लागली, आणि त्या कापसाच्या बोळ्यांत माझं बरंच काही गेलं. पण मला त्याचं दुःख नाही. मला नवा डबा मिळाला आहे.

मित्रांनो, तुमच्याही घरात कपाटावर, पलंगाखाली माझ्यासारखी एखादी पडलेली असेल. फोनमध्ये आलं म्हणून तिला फेकू नका. ओलीपासून जपा, जाणत्याच्या हातात द्या, पूर्ण प्रत करा आणि मग हवी तेवढी लहान करून खुशाल ऐका. कुणाला ऐकू येणार नाही म्हणून जे काढून टाकतात, ते कुणीतरी अजून ऐकायचं राहिलेलं असू शकतं. आणि घरातलं म्हातारं माणूस "इथे काहीतरी आहे" म्हणालं, तर त्याला डॉक्टरकडे जरूर न्या. पण त्याआधी आपण त्याला काय ऐकवलं, ते एकदा तपासून बघा.